मदत हवी आहे : गाडीच्या कप्प्याला नवीन शॉकर लावले, आता दारच बंद होत नाही

घोडबंदरकर७ (बुधवार, रात्री १०.४०)
शनिवारी पहाटे तारकर्लीला निघायचंय, आईसकट घरचे सगळे. सामानाच्या कप्प्याचे जुने गॅस शॉकर (दार वर तोलून धरणारी गॅसभरली नळी, तिच्यातून दांडा आत-बाहेर होतो) गेले होते, दार उचललं की धाडकन खाली यायचं. गेल्या रविवारी आईच्या मनगटावर आलं, अजून सूज आहे. म्हणून नवीन जोडी आणली, लांबी जुन्याशी लावून बघितली, अगदी बरोबर. आता दार वर छान राहतं पण बंद करायला दोघं लागतात आणि बंद झाल्यावर खालचा कोपरा बाहेर फुगतो. काय करू? लवकर सांगा प्लीज.

नेरुळची_मीनल
कुठली गाडी? कुठला कप्पा? दार वर उघडतं की बाजूला?

घोडबंदरकर७
मोटरहोम. ट्रॅव्हलर व्हॅनवर करून घेतलेली. बाजूचा कप्पा, बिजागऱ्या वर आहेत. पण प्रश्न शॉकरचा आहे, गाडीचा नाही.

कळव्याचा_फिटर
गाडीचाच आहे. शॉकरच्या नळीवर एक आकडा आणि पुढे एन असं छापलेलं असतं. जुन्यावर काय आहे, नव्यावर काय आहे?

घोडबंदरकर७
जुन्यावर बॉडीवाल्याने रंग मारलाय. नव्यावर ४५०. दुकानदार म्हणाला जड दाराला ताकदीचाच घ्या, गाडीच्या डिकीला हाच जातो.

कळव्याचा_फिटर
तिथेच घोळ झालाय. एन म्हणजे न्यूटन. १० न्यूटन म्हणजे साधारण १ किलोचा जोर. दोन्ही मिळून ९० किलो ढकलताहेत, तेही पूर्ण उघड्या स्थितीत. दांडा आत गेला की आतला नायट्रोजन आणखी दाबला जातो आणि जोर वाढतो. म्हणून बंद करताना जास्त जड. हे असंच ठेवलंत तर बिजागरीचे स्क्रू प्लायवूडमधून निघतील. दाराचं वजन आणि मापं द्या.

निवृत्त_शीटमेटल
वागळे इस्टेटला २२ वर्षं पत्र्याचं काम केलंय. गॅस शॉकरच्या भानगडीत पडूच नका. आठ मिलीची सळई, एका टोकाला बोल्ट, दुसऱ्या टोकाला खाच. दार उचला, टेकू लावा. कधी गॅस जात नाही.

कळव्याचा_फिटर
काका, टेकूला वारा लागत नाही का? समुद्रावर वाऱ्याने दार उचललं की सळई निसटते. त्यांच्या आईचं मनगट आत्ताच दुखावलंय.

निवृत्त_शीटमेटल
खाच खोल घेतली तर निसटत नाही. मी स्वतः टेम्पोला लावून दिल्यात.

वाशी_सेक्टर_१७
नवे घेण्याची गरजच नव्हती. जुन्यात गॅस भरून मिळतो. आमच्या सोसायटीतल्या एकाने ऑफिसच्या खुर्चीचा भरून आणला.

कळव्याचा_फिटर
साधा शॉकर सीलबंद असतो, त्याला व्हॉल्व नसतो. भरणारे नळीला भोक पाडून वेल्ड करतात. आत प्रचंड दाब असतो. भोक पाडणं, कापणं, गरम करणं, काहीही करू नका. आणि गॅस जातो तो सील गेल्यामुळे, तो नवा भरलात तरी त्याच सीलमधून जाणार.

पाचपाखाडी_पाटील
गाडीत बदल केलेत ते आरसीवर चढवलेत का? मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ बघून घ्या. प्रवासाला निघण्याआधी कागद बघा.

घोडबंदरकर७
कागद व्यवस्थित आहेत. दाराबद्दल बोलू या का?
मोजलं : रुंदी ९०, उंची ६० सेंमी. दार काढून बाथरूमच्या वजनकाट्यावर ठेवलं, ९ किलो भरलं. वर उघडल्यावर बरोबर आडवं राहतं, जमिनीला समांतर.

कळव्याचा_फिटर
छान. आता एकच माप. दार आडवं असताना शॉकरच्या रेषेवर बिजागरीपासून काटकोनात किती अंतर आहे? दोरी ताणून मोजा.

घोडबंदरकर७
साडेअकरा सेंमी. आणि हो, दाराकडचा ब्रॅकेट बिजागरीपासून १२ सेंमीवर, गाडीकडचा ३६ वर.

कळव्याचा_फिटर
दाराचा भार मध्यावर धरा, म्हणजे बिजागरीपासून ३० सेंमी. ९ गुणिले ३० म्हणजे २७०. त्याला साडेअकराने भागा, साडेतेवीस किलो. दोन शॉकर, म्हणजे प्रत्येकी पावणेबारा. थंडीत जोर कमी होतो, सील झिजतं, म्हणून वर वीस टक्के धरा. १४ होतात. १५० न्यूटनची जोडी घ्या. तुम्ही तिप्पट लावली आहे.

नेरुळची_मीनल
जोडीच घ्या हं, एक जुना एक नवा नको, दार तिरकं ओढतं. माझ्या हॅचबॅकला एकच बदलला होता, वर्षभरात काचेच्या बाजूचं रबर फाटलं.

कोपरीकर
स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटांना हेच शॉकर चालतात का? किती न्यूटन घ्यावे?

प्रवासी_मन
तारकर्लीला कोल्हापूर, राधानगरी, फोंडा असं उतरा. पळस्पे फाट्यावरून गेलात तर शनिवारी सकाळी तिथेच अडकाल.

घोडबंदरकर७
फिटर दादा, खूप आभार. उद्या आणतो. दांडा वर ठेवायचा की खाली? सध्या वर आहे.

कळव्याचा_फिटर
खाली. दांडा गाडीकडे, नळी दाराकडे. आतलं थोडं तेल सीलवर राहतं, सील कोरडं पडत नाही. गाडी महिनोन्‌महिने उभी राहते, त्यामुळे तुमच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं. जुने लवकर जाण्याचं हेही कारण असू शकतं.
बदलताना काकांचा टेकू मात्र लावा, दार माणसाच्या हातावर ठेवू नका. एका वेळी एकच बाजू. शॉकरच्या टोकाला ब्रॅकेटची गोळी बसते, तिच्यावरची क्लिप स्क्रू-ड्रायव्हरने जरा उचलायची, पूर्ण काढायची नाही. दांड्याला पकड लावायची नाही, एक ओरखडा पडला की सील गेलं. किनाऱ्यावर जाताय, परतल्यावर गोड्या पाण्याने पुसून घ्या.

निवृत्त_शीटमेटल
टेकू लागलाच ना शेवटी.

घोडबंदरकर७ (शुक्रवार, रात्री ११.१५)
झालं. नागदेवीला मिळाली जोडी, दुकानदाराला १५ किलोची म्हटल्यावर लगेच कळलं. दार एका हाताने बंद होतं, कोपरा फुगत नाही, आईने स्वतः तीनदा उघडझाप करून बघितली. जुन्या शॉकरवरचा रंग थिनरने पुसला, खाली १५०च निघालं. हे आधी केलं असतं तर दोन दिवस वाचले असते.
बिजागरीचे दोन स्क्रू सैल झालेले सापडले, मागून नटबोल्ट मारले.

कळव्याचा_फिटर
उत्तम. पलीकडच्या बाजूच्या कप्प्यांचे दांडे कुठल्या दिशेला आहेत ते निघण्याआधी बघा.

कोपरीकर
माझ्या कपाटाचं कोणी सांगेल का?