प्रमोशन नाकारणारे 'आळशी'? उत्तर द्यावंच लागतंय

घाटावरची: काल इथे एकाने लिहिलं, "सरकारी बँकेत प्रमोशन कोणी अडवत नाही, लोकच बदलीला घाबरून नाकारतात. घराजवळची खुर्चीही हवी आणि साहेबपणही." वाचल्यापासून डोकं फिरलंय.

अकरा वर्षं क्लार्क आहे. जेएआयआयबी, सीएआयआयबी या बँकिंगच्या दोन्ही परीक्षा झाल्यात. ऑफिसरची परीक्षा दोनदा पास, दोनदा लेखी नकार. आधी मुलगी दीड वर्षाची होती, मग सासऱ्यांचं डायलिसिस. पोस्टिंग परराज्यात. मुलाखतीत पहिलाच प्रश्न, "मिस्टर कुठे असतात? मग जाल का?" शेजारच्या काउंटरच्या सरांना नाही विचारलं हो, बायको कुठे असते. नकार दिला की पुढची काही वर्षं परीक्षेला बसायचं नाही. आता मी शिकवलेला पोरगा माझा साहेब आहे. चांगलाय बिचारा. लोन फाइल अडली की हळूच येतो, "मॅडम, जरा बघता का?" बघते.

खंडेराव: ताई, १९८४ ला ऑफिसर झालो आणि जालन्याहून थेट समस्तीपूर! घरी बोलायला ट्रंक कॉल लावून पोस्टात तासभर बसायचो. स्केल फोरला, म्हणजे चीफ मॅनेजर म्हणून रिटायर झालो. ऑफिसर म्हटलं की बदली आलीच.

घाटावरची: तुम्ही समस्तीपूरला होतात तेव्हा तुमच्या आईला दवाखान्यात कोण नेत होतं?

खंडेराव: मिसेस. का?

घाटावरची: काही नाही.

पासबुक_पीडित: यांचं प्रमोशन राहू द्या, आमच्या शाखेतलं पासबुक मशीन दिवाळीपासून बंद आहे. आणि म्हणे पाच दिवसांचा आठवडा पाहिजे!

स्केलवन_पुणे: आलात? २०१५ पासून फक्त दुसरा-चौथा शनिवार मिळतो. बाकीच्या शनिवारांवर मार्च २०२४ मध्ये संघटना आणि आयबीए (बँकांची असोसिएशन) यांचं एकमत झालं, रोज ४० मिनिटं जास्त बसायलाही तयार आहोत. घोडं सरकारकडे अडलं.

पासबुक_पीडित: ४० मिनिटं! परवा दोनला पाच कमी असताना पोचलो, तर डबा उघडलेला. वांग्याच्या भाजीचा वास अख्ख्या शाखेत.

स्केलवन_पुणे: मग काय उपाशी मरू? १ एप्रिल २०२० ला दहा बँकांच्या चार झाल्या, त्यात आमच्या दोन शाखांची एक झाली. खाती दुप्पट, माणसं सात. वर रात्री आठला झोनल ऑफिसची व्हिडिओ मीटिंग: "आज विमा किती?"

पासबुक_पीडित: विमा!! आई एफडी करायला गेली होती, पॉलिसी घेऊन आली. वय ७१. आता बोला.

स्केलवन_पुणे: ...ते चूकच. पण विमा न विकणाऱ्याचा एपीएआर, म्हणजे वर्षाचा कामगिरी अहवाल बिघडतो, आणि प्रमोशनला तोच बघतात. माझे मार्क मागच्या वर्षी त्यातच गेले.

पासबुक_पीडित: म्हणजे तुमच्या प्रमोशनचा हप्ता माझ्या आईने भरायचा. छान!

खंडेराव: विषय कुठे नेलात रे. ताई, मिसेसला तुमचं वाचून दाखवलं. "बरोबर लिहिलंय" एवढंच म्हणाली, चहा ठेवून आत गेली. तेव्हा अर्धं मान्य.

घाटावरची: कुठलं अर्धं तेही लिहा काका, प्रिंट काढून साहेबांच्या टेबलावर ठेवते.

पासबुक_पीडित: बघा, प्रिंटर चालू आहे!