समोर माणूसच नसेल, तर ते पोर्ट्रेट कसलं?

रिळवाला: "चेहरा दिसला की पोर्ट्रेट झालं, समोर कोण होतं हा प्रश्न जुनाट आहे," असं काल इथे एकानं ठणकावून लिहिलं. साफ अमान्य. २०१७च्या टेलर वेसिंग या पोर्ट्रेट फोटोंच्या स्पर्धेत एरिका या माणसासारख्या दिसणाऱ्या यंत्राच्या (अँड्रॉइडच्या) फोटोला तिसरा क्रमांक दिला. समोर जिवंत व्यक्ती हवी, असा नियम असताना! २०२३ मध्ये एल्डागसेन या कलाकारानं एआयनं बनवलेली प्रतिमा पाठवून सोनीच्या फोटो स्पर्धेत बक्षीस मिळवलं आणि ही फोटोग्राफी नव्हे म्हणत स्वतःच नाकारलं. पोर्ट्रेट दोघांत घडतं. समोरचा अवघडतो, नजर चुकवतो, मग कधीतरी खांदे सैल सोडतो. यंत्र कधी अवघडतं का?

तिसरी बाजू: दोन्ही एकाच पारड्यात टाकू नका. एरिकासमोर कॅमेरा घेऊन कोणीतरी उभं होतं. आणि "दोघांत घडतं" तर छायाचित्रकार डिकॉर्सियाच्या 'हेड्स' या फोटोमालिकेचं काय? टाइम्स स्क्वेअरमध्ये दूरवरून टिपलेले चेहरे, त्या लोकांना पत्ताही नाही. एकानं खटला भरला, न्यूयॉर्कच्या कोर्टानं २००६ मध्ये फेटाळला.

रिळवाला: कोर्ट काहीही म्हणो, माझ्या लेखी ती चोरीच.

तिरीप: यंत्राचं सोडा, जिवंत माणसांचे चेहरे गुळगुळीत करताय त्याचं बोला. आईच्या भुवईत लहानपणीच्या जखमेचा व्रण होता, तिथे केस उगवत नसत. स्टुडिओवाल्यानं न विचारता तिथे भुवई भरली. ती गेल्यावर मोठा करायला तोच एक फोटो उरला होता. भिंतीवर आता कोणी दुसरीच बाई आहे.

डार्करूम: वाईट वाटलं. पण रिटचिंग, म्हणजे फोटोतली अशी दुरुस्ती, कालपरवाचं नाही. 'मायग्रंट मदर' (१९३६) या गाजलेल्या फोटोच्या निगेटिव्हवर कोपऱ्यात आलेला अंगठा छायाचित्रकार डोरोथिया लँगनं नंतर पुसवून घेतलाच की.

तिरीप: कोपऱ्यातला धूसर अंगठा आणि आईची भुवई सारखी? तुमच्या घरातलं कोणी असं पुसलं गेलं असतं, तर इतिहास शिकवला असता का?

डार्करूम: घरच्यांवर जायचं कारण नाही. मीही पोटासाठी रिटचिंग करतो. सुरकुत्या काढा म्हणून गिऱ्हाइकंच मागे लागतात.

तिरीप: मागितलं तर काढा. आईनं मागितलं नव्हतं.

डार्करूम: बरं. न विचारता व्रण पुसणं चूक, एवढं मान्य. पुढचं नाही.

तिसरी बाजू: म्हणजे खरा मुद्दा परवानगीचा. मग रिळवाले, एरिकाला नाकारायला तुमच्याकडे काय उरलं? तिची परवानगी कोणी मागायची?

रिळवाला: ज्याला "नको" म्हणताच येत नाही, त्याचं पोर्ट्रेट होत नाही. एरिकासमोर कॅमेरा होता, एवढं तुमचं घेतो. बाकी तिथेच आहे.