अनुभव धागा: जुन्या गेमसाठी कोणता बोर्ड घ्यावा?

कॅसेटफुंक्या

जुने टीव्ही गेम चालवायला ‘कोणता बोर्ड (रास्पबेरी पायसारखा छोटा, एका पाटीवरचा कॉम्प्युटर) घेऊ?’ असं कुणी विचारलं की उत्तरात बोर्डांचीच नावं येतात आणि गाडी तिथंच चुकते. आधी तीन गोष्टी ठरवा. यादीतला सगळ्यात जड खेळ कोणता, तो कोणत्या पडद्यावर दिसणार, आणि वीज भिंतीतून येणार की बॅटरीतून. अंथरूण पाहून ‘पाय’ घ्यावा. ज्यांनी जोडणी केली आहे त्यांनी आपापल्या भागाचं लिहा. ‘मस्त चालतं’ एवढंच नको. कोणता खेळ, कोणता एम्युलेटर (जुन्या यंत्राचं सोंग वठवणारा प्रोग्राम), कुठं फसतं आणि का, ते येऊ द्या.

सुरुवात मी करतो. फॅमिकॉम, मेगा ड्राइव्ह, सुपर निन्टेन्डो, गेमबॉय अ‍ॅडव्हान्स आणि पहिल्या प्लेस्टेशनचे बहुतेक खेळ इथपर्यंतच जायचं असेल तर रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू पुरतो. २०२१ चा बोर्ड, चार ए५३ कोअर १ गिगाहर्ट्झवर, मेमरी मात्र फक्त ५१२ एमबी. ती खेळात नाही, मेन्यूत नडते. एम्युलेशनस्टेशनला, म्हणजे खेळ निवडायच्या मेन्यूला, व्हिडिओ झलक दाखवणारी थीम लावली की चित्रांच्या जागी पांढरे चौकोन दिसू लागतात. साधी थीम लावा, व्हिडिओ बंद ठेवा, चित्रं लहान आकाराची घ्या.

सुपर निन्टेन्डोचेही सगळे खेळ एका वजनाचे नाहीत. स्टार फॉक्स किंवा योशीज आयलंडच्या कॅसेटमध्येच सुपर एफएक्स नावाचा वेगळा प्रोसेसर होता, त्याचंही सोंग वठवावं लागतं. म्हणून चाचणी या खेळांवर घ्या. मारिओ पळाला म्हणजे सगळे पळतील असं नाही. झीरोवर अडखळलं तर स्नेस९एक्स या सुपर निन्टेन्डोच्या एम्युलेटरची २०१० वाली हलकी आवृत्ती वापरून बघा.

निन्टेन्डो ६४ पासून वाट बिकट होते. त्या यंत्रात ग्राफिक्सचा मायक्रोकोड (चिपच्या आतला प्रोग्राम) खेळागणिक बदलू शकत होता, म्हणून एका खेळाला चित्र काढणारा ग्लाइडएन६४ प्लगिन मानवतो तर दुसऱ्याला राइस. त्यासाठी पाय ४ च्या खाली जाऊ नका. ड्रीमकास्टचे बहुतेक आणि पीएसपीचे बरेच खेळही त्यावर होतात. सॅटर्नमध्ये दोन मुख्य प्रोसेसर आणि दोन व्हिडिओ चिपा एकमेकींच्या तालावर धावतात, तो ताल सांभाळताना पाय ४ दमतो. तिथं २०२३ चा पाय ५ घ्या.

पाच व्होल्ट

‘बोर्ड खराब निघाला’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत बोर्ड क्वचितच खराब असतो. केबल असते.

पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर हवेत. केबलचा जाता-येताचा रोध ०.१५ ओहम धरा. ३ अँपिअरला ०.४५ व्होल्ट वाटेतच जातात, बोर्डापाशी ४.६५ उरतात. साधारण ४.६३ च्या खाली बोर्ड कमी दाबाची खूण म्हणून कोपऱ्यात वीज दाखवतो आणि प्रोसेसरचा वेग उतरवतो. लोकांना वाटतं एम्युलेटर अडखळतोय.

खात्री करायची तर जड खेळ दहा मिनिटं चालवून टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘व्हीसीजेनसीएमडी गेट अंडरस्कोर थ्रॉटल्ड’ ही आज्ञा द्या. उत्तर शून्य आलं तर सगळं ठीक. ५०००० आलं तर सुरू केल्यापासून कधीतरी दाब पडला होता आणि वेगही उतरला होता. शेवटी ५ असेल तर ते आत्ता, या क्षणी चालू आहे. तापमानाची मर्यादा वेगळी: ८० अंशांपासून वेग उतरायला लागतो. पाय ४ ला धातूचं केस पुरतं, पाय ५ ला पंखा लावाच.

पाय ५ चा घोळ निराळा. त्याला ५ व्होल्टवरच ५ अँपिअर हवेत. लॅपटॉपचा ६५ वॉटचा चार्जर लावून लोक निर्धास्त होतात, पण तो आपली ताकद २० व्होल्टवर देतो. ५ व्होल्टवर बहुधा ३ अँपिअरच. मग बोर्ड चारही यूएसबी मिळून ६०० मिलिअँपिअरची मर्यादा घालतो आणि बाहेरची हार्ड डिस्क मध्येच गायब होते. पूर्ण पुरवठा मिळाला तर हीच मर्यादा १.६ अँपिअर असते.

मुस्तफा

पार्लरमधल्या खेळांचं लिहितो. ज्याला आपण सगळे ‘मुस्तफा’ म्हणतो त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम, १९९३. एवढ्यासाठी पाय ३ सुद्धा भरपूर. इथं ताकद कमी पडत नाही, रॉमसंच (खेळांच्या फाइलींचा संच) जुळत नाही. पार्लरच्या खेळांच्या एम्युलेटरांपैकी मेम २००३ ला ०.७८ चा संच लागतो, मेम २०१० ला ०.१३९ चा, एफबीनिओला त्याचा स्वतःचा ताजा. एका एम्युलेटरची झिप दुसऱ्यात टाकली की काळा पडदा येऊन मेन्यूत परत. झिप उघडून ठेवू नका, नाव बदलू नका. निओजिओच्या खेळांसाठी त्याची बायोसची (यंत्राच्या मूळ प्रोग्रामची) झिप त्याच फोल्डरमध्ये हवी.

दुकानात ‘दहा हजार गेम’वाली तयार कार्डं मिळतात, ती टाळा. स्नेस९एक्स, एफबीनिओ यांचे परवाने धंद्यासाठी वापर करू देत नाहीत, खेळांचे हक्क तर वेगळेच. शिवाय त्यांत वेगवेगळ्या संचांची खिचडी असते, अर्धे खेळ उघडतच नाहीत.

आता बटणं. एका खेळाडूला जॉयस्टिकचे ४ स्विच, ६ बटणं, स्टार्ट आणि कॉइन, म्हणजे १२ तारा. दोघांच्या २४. पायच्या ४० पिनांपैकी वापरता येणाऱ्या (जीपीआयओ) २६, त्यामुळे सगळं थेट बोर्डावर जोडण्याचा मोह होतो. पाय ४ पर्यंत चालतं. पाय ५ वर पिना आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपमधून येतात, त्यामुळे प्रोसेसरच्या रजिस्टरला थेट हात घालणारे जुने जॉयस्टिक ड्रायव्हर तिथं मुकाट्यानं काहीच करत नाहीत. एकतर जीपीआयओ-की हा ओव्हरले (सेटिंग फाइलमधली हार्डवेअरची ओळ) प्रत्येक बटणासाठी लिहा, नाहीतर सरळ यूएसबी एन्कोडर (बटणांच्या तारा यूएसबीवर आणणारी पट्टी) घ्या. मी एन्कोडरच सांगेन.

एन्कोडर स्वस्तातला घेतलात तर दोन्ही स्वतःला एकाच नावानं ओळखवतात. रीबूटनंतर पहिला खेळाडू दुसरा होतो. दोन्ही कायम त्याच पोर्टात ठेवा. तारेच्या टोकाला लावायची टर्मिनल घेण्याआधी बटणाची धातूची पट्टी मोजा: जपानी पद्धतीच्या बटणाला २.८ मिलिमीटर, मायक्रोस्विचवाल्याला बहुधा ४.८. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी जाणार असाल तर एक बटण खिशात घेऊन जा.

आणि पॅकमॅन आठ दिशांच्या काठीवर खेळू नका. तिरका दाब पडला की वळण हुकतं. काठीखालची चौकट फिरवून चार दिशांवर आणता येते, ती सोय असलेलीच काठी घ्या.

डबा टीव्ही

जुन्या डबा टीव्हीवर खेळायचं असेल तर पाय ३ घ्या. नवा बोर्ड इथं उलट त्रास देतो.

पाय ३ आणि ४ च्या ३.५ मिमी जॅकमधूनच कॉम्पोझिट व्हिडिओ (टीव्हीच्या पिवळ्या प्लगचा) येतो. टोक डावा आवाज, पहिली कडी उजवा, दुसरी कडी ग्राउंड, बुडाचा भाग व्हिडिओ. कॅमकॉर्डरच्या बऱ्याच केबलींत ग्राउंड आणि व्हिडिओ उलटे असतात, तेव्हा चित्र येत नाही, नुसती गुणगुण येते. विकत घेण्याआधी मल्टीमीटर लावा: दुसरी कडी आणि पिवळ्या प्लगचं बाहेरचं कडं यांत बीप वाजला पाहिजे. पाय ४ वर हे आउटपुट मुळात बंद असतं, सेटिंग फाइलमध्ये चालू करावं लागतं. पाय ५ ला जॅकच नाही. बोर्डावर दोन भोकं आहेत, तिथं तार सोल्डर करायची.

जुन्या ड्रायव्हरवर सेटिंग फाइलमधला एसडीटीव्ही मोड २ म्हणजे पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत), ० म्हणजे एनटीएससी (अमेरिका-जपानची). १६ हा एनटीएससीचा आणि १८ हा पालचा प्रोग्रेसिव्ह प्रकार. जुन्या कन्सोलचं चित्र रेषा न थरथरता हवं असेल तर हेच लावा. ० किंवा १६ वर चित्र काळं-पांढरं आलं तर बोर्डाला बोल लावू नका, तुमच्या टीव्हीला एनटीएससीचा रंग कळत नाही.

कॅसेटफुंक्या

डबा टीव्ही, पाल निघालंच आहे तर एक भर घालतो. ‘एम्युलेटरवर कॉन्ट्रा लहानपणीपेक्षा पळतो’ ही तक्रार खरी असू शकते. आपल्याकडे खपलेले बरेचसे टीव्ही गेम हे निन्टेन्डोचे पाल टीव्हीसाठी केलेले क्लोन होते. त्यांचा प्रोसेसर १.७७ मेगाहर्ट्झचा, मूळ एनटीएससी यंत्राच्या १.७९ च्या जवळच, पण चित्रं सेकंदाला ६० ऐवजी ५०. म्हणून सूर जवळपास तोच राहतो आणि चाल सुमारे १७ टक्के मंदावते. युरोपातल्या अधिकृत यंत्राचा प्रोसेसर १.६६ चा, तिथं सूरही उतरतो.

एफसीईयूएमएम या फॅमिकॉमच्या एम्युलेटरमध्ये रीजन ‘डेंडी’ करा, ‘पाल’ नव्हे. डेंडी हा रशियात गाजलेला असाच क्लोन. मग टीव्हीही ५० हर्ट्झवर न्यावा लागेल: जुन्या सेटिंग फाइलमध्ये एचडीएमआय ग्रुप १, मोड १९ म्हणजे ७२०पी ५० हर्ट्झ, ३१ म्हणजे १०८०पी. टीव्ही बहुधा घेतो, कॉम्प्युटरचा मॉनिटर बऱ्याचदा घेत नाही. ६० च्या पडद्यावर ५० चित्रं टाकलीत तर बाजूला सरकणारी पार्श्वभूमी धक्के खाते.

खिशातला

हातात धरायचा करायचा तर पाय ४, ५ विसरा. झीरो २ डब्ल्यूच.

पडदा आधी ठरवा. एसपीआयवाले (मोजक्या तारांवरून एकेक बिट पाठवणारे) ३२० बाय २४० चे पडदे स्वस्त आणि तारा कमी. पण हिशोब बघा: ३२० × २४० × १६ बिट म्हणजे एका चित्राला १२,२८,८०० बिट. ३२ मेगाहर्ट्झच्या एसपीआयवर सेकंदाला २६ पूर्ण चित्रं. बदललेले पिक्सेलच पाठवणारा एफबीसीपी-आयएलआय९३४१ ड्रायव्हर ही तूट बरीच झाकतो. स्थिर चित्राच्या कोड्यात फरक कळत नाही, सोनिक धावायला लागला की कळतो. हा ड्रायव्हर जुन्या डिस्पमॅनेक्स पद्धतीवर चालतो, त्यामुळे कार्डावर टाकायची सिस्टीमची प्रतिमाही जुनी, बस्टर आवृत्तीची घ्यावी लागते. डीपीआय (अनेक तारांवरून एकदम चित्र पाठवणारा) पडदा सेकंदाला ६० चित्रं देतो, पण पिना खातो, मग बटणांना यूएसबी.

झीरोला आवाजाचा जॅक नाही. मॅक्स९८३५७ए हा छोटा अँप्लिफायर लावा: क्लॉक जीपीआयओ १८ ला, डावा-उजवा १९ ला, डेटा २१ ला, ओव्हरले हायफायबेरी-डॅक. म्हणजे या तीन पिना बटणांना देऊ नका. मुस्तफा यांची २४ तारांची जोडणी इथं बसत नाही ती म्हणूनच.

बॅटरी: ३००० मिलिअँपिअर-तासाचा १८६५० सेल म्हणजे ३.७ ने गुणून ११.१ वॉट-तास. ५ व्होल्टवर चढवताना बारा-पंधरा टक्के जातात, साडेनऊ उरतात. पडद्यासकट अडीच वॉट धरले तर पावणेचार तास. टीपी४०५६ चं चार्जिंग मॉड्यूल लावून चार्ज करता करता खेळू नका. सेल भरला की नाही हे ते मॉड्यूल घटत्या करंटवरून ओळखतं. खेळ चालू असताना करंट घटतच नाही, सेल भरल्यावरही चार्जिंग थांबत नाही. पॉवर-पाथ असलेलं (खेळाची वीज आणि चार्जिंग वेगळं ठेवणारं) मॉड्यूल घ्या, शंभर-दोनशे रुपयांसाठी लिथियमशी खेळ नको.

गर्दीबाहेरचा

रास्पबेरीशिवाय जग आहे, पण एक पथ्य पाळा: चिपचे आकडे वाचण्याआधी बाटोसेरा किंवा रॉकनिक्स या खेळांसाठीच्या तयार सिस्टीमच्या यादीत तुमचा नेमका बोर्ड आहे का बघा. ऑरेंज पाय ५ वर आरके३५८८एस आहे, चार ए७६ आणि चार ए५५ कोअर, माली जी६१० ग्राफिक्स. कागदावर पाय ५ च्या पुढे. पण त्या ग्राफिक्सचा खुला ड्रायव्हर, पँथॉर, मूळ लिनक्समध्ये आला तो ६.१० आवृत्तीत, २०२४ मध्ये. बोर्ड मात्र २०२२ पासून विकला जात होता. मधल्या काळात घेणाऱ्यांना उत्पादकाच्या जुन्या कर्नेलवर दिवस काढावे लागले. साध्या मॉडेलवर वायफायही नाही, ते वेगळं धरा.

ओड्रॉइड एन२ प्लस अजून कुठं रास्त भावात मिळाला तर निन्टेन्डो ६४ आणि ड्रीमकास्टला चांगला. त्याला १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, पायचा नाही चालत.

प्लेस्टेशन २ हवा असेल तर एआरएमचा (पायसारख्या बोर्डांवरच्या प्रोसेसर पद्धतीचा) नाद सोडा. त्याचा एम्युलेटर पीसीएसएक्स२ इंटेल-एएमडी पद्धतीच्या प्रोसेसरसाठीच लिहिला आहे. एन१०० चिपवाला मिनी पीसी किंवा रॅडक्सा एक्स४ सारखा त्याच चिपचा बोर्ड घ्या. पाय ५, अडॅप्टर, पंखा, केस, कार्ड यांची बेरीज करून बघा, फरक वाटतो तेवढा उरत नाही.

पाच व्होल्ट

गर्दीबाहेरचा, सहमत. कार्डाचं राहिलं: ३२ जीबी, ए१ खुणेचं. नवीन कार्ड आधी एच२टेस्टडब्ल्यू या तपासणी प्रोग्रामनं पूर्ण भरून तपासा, नकली कार्ड ६४ सांगतं आणि ८ नंतर जुनंच पुसून लिहितं. प्लेस्टेशनच्या सीडींच्या बिन-क्यू फाइलींच्या जोड्या सीएचडीमॅन या प्रोग्रामनं सीएचडी (दाबलेली एकच फाइल) करून घ्या, जागा वाचते आणि ‘क्यू फाइलमधलं नाव जुळत नाही’ ही कटकट जाते. अनेक सीडींच्या खेळाला एम३यू फाइल बनवून त्यात सीएचडींची नावं एकाखाली एक लिहा, नाहीतर दुसऱ्या सीडीला मेमरी कार्ड रिकामं दिसेल.

मुस्तफा

उशिरा आठवलं. बटण दाबल्यावर उडी उशिरा येते असं वाटलं तर आधी टीव्हीचा गेम मोड चालू करा, मग रेट्रोआर्कमध्ये (एम्युलेटर चालवणारा प्रोग्राम) थ्रेडेड व्हिडिओ ही सेटिंग बंद करा. त्यानंतरच रन-अहेड (पुढची फ्रेम आधीच गणून दाखवणारी सोय), तोही १ फ्रेमनं सुरू करून. सुपर मारिओ वर्ल्ड मुळातच बटणाला थोडं उशिरा उत्तर देतो, तो उशीर हे कापतं. पण प्रत्येक फ्रेम दोनदा गणली जाते, त्यामुळे झीरोवर हा प्रयोग फॅमिकॉमपुरताच ठेवा.