सहा फूट फळीवर मॉडेल रेल्वेचे यार्ड कसे बसवावे?

वणीकर
सप्रेम नमस्कार. वणी तालुक्यातील आमच्या घरी भिंतीलगत सहा फूट लांब आणि दीड फूट रुंद, म्हणजे सुमारे १८३ बाय ४६ सेंटिमीटरची फळी मला मॉडेल रेल्वेसाठी मिळाली आहे. प्रमाण १:८७, म्हणजे एचओ, ठरवले आहे. लहानपणापासून कोळशाच्या गाड्या पाहत आल्यामुळे बॉक्सएन वाघिणींचे (कोळशाच्या उघड्या मालडब्यांचे) पाच मार्गांचे यार्ड कागदावर काढले. परंतु पाचही मार्ग बसवल्यावर इंजिनाला मागेपुढे होण्यासाठी जेमतेम चाळीस सेंटिमीटर उरतात. मार्ग कमी करावेत की सांध्यांची (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या रुळांची) मांडणी बदलावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मूर्तिजापूरकर
वणीकर भाऊ, मार्ग कमी करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एचओमधील लहान सांधा साधारण साडेअठरा सेंटिमीटर लांब असतो. पाच मार्गांना चार सांधे एकापाठोपाठ लागतात आणि तेथेच ७४ सेंटिमीटर खर्च होतात. खरी बॉक्सएन कपलिंगसह १०.७ मीटर लांब असल्याने तिचे मॉडेल १२.३ सेंटिमीटरचे होते आणि डिझेल इंजिन सुमारे वीस सेंटिमीटर घेते. तुमच्या चाळीस सेंटिमीटरच्या शंटिंग नेकमध्ये, म्हणजे वाघिणी बाहेर काढून मागेपुढे करण्याच्या मार्गात, इंजिनासह एकच वाघीण मावेल. यार्डाची क्षमता मार्गांच्या संख्येपेक्षा या नेकच्या लांबीवर ठरते, कारण एका खेपेत जितक्या वाघिणी बाहेर काढता येतील, तितकेच काम पुढे सरकते.

अॅलन राइट या ब्रिटिश छंदिष्टाची ‘इंग्लनूक’ रचना अशा फळीसाठी फार उपयुक्त आहे. तिच्यात दोनच सांधे आणि तीन मार्ग असतात: एकावर पाच वाघिणींची जागा, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन वाघिणींची, तर नेकमध्ये इंजिन आणि तीन वाघिणींची. नेकला साठ, दोन सांध्यांना ३७ आणि लांब मार्गाला ६२ असे १५९ सेंटिमीटर होतात. उरलेले चोवीस सेंटिमीटर फाउलिंग मार्क (शेजारच्या मार्गावरील गाडीला धक्का लागू नये म्हणून वाघीण उभी करण्याची हद्द) आणि शेवटचे बफर यांसाठी राखावेत. खेळात एकूण आठच वाघिणी घेतात; त्यांतून पाच निवडून ठरलेल्या क्रमाने लावायच्या असतात आणि असे ६,७२० क्रम संभवतात, त्यामुळे खेळ लवकर शिळा होत नाही.

दारव्हेकर
वरील हिशेब मला मान्य आहे, मात्र विषयाच्या निवडीविषयी माझा आक्षेप आहे. बॉक्सएनचा रेक, म्हणजे एकत्र जोडलेली पूर्ण मालगाडी, अठ्ठावन्न वाघिणींच्या आसपास असतो आणि अखंडच धावतो. १:८७ मध्येही तो सात मीटरच्या पुढे जाईल. शिवाय त्यातील एकेक वाघीण वेगळी काढून शंटिंग करण्याचे काम रोजच्या व्यवहारात नसते, त्यामुळे इंग्लनूकचा खेळ आणि कोळशाचा रेक यांचा मेळ बसत नाही.

त्यापेक्षा आमच्या शकुंतला रेल्वेच्या मार्गावरील एखादा जुना मालधक्का करावा. कापसासाठी टाकलेल्या यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या नॅरोगेजची रुंदी ७६२ मिलिमीटर. ती ८७ ने भागली की ८.७६ येते, म्हणजे तयार मिळणारा नऊ मिलिमीटरचा रूळ जवळजवळ तंतोतंत लागू पडतो. ब्रॉडगेजचे तसे नाही: १६७६ मिलिमीटरसाठी १९.३ मिलिमीटर हवेत आणि एचओचा रूळ साडेसोळाच असतो. नॅरोगेजच्या लहान चारचाकी वाघिणी सात-आठ सेंटिमीटरच्या धरल्या, तर हीच रचना बरीच आखूड होईल आणि वाचलेल्या जागेत कापसाच्या गाठींची वखार, बैलगाड्यांची जागा व पाण्याची टाकी मोकळेपणाने उभी राहील. या मार्गावर वाफेची झेडडी प्रकारची इंजिने १९९४ पर्यंत धावत होती, त्यामुळे काळ निवडायलाही भरपूर वाव आहे.

मूर्तिजापूरकर
दारव्हेकरांचा मुद्दा रास्त आहे. कोणताही विषय घेतला, तरी आपल्या उन्हाळ्याचा विचार आधी करावा. टिनाच्या छपराखालील खोलीत हिवाळा आणि मे महिना यांत तीस-पस्तीस अंशांचा फरक पडतो. तेवढ्याने जर्मन सिल्व्हर या मिश्रधातूचा १८० सेंटिमीटर रूळ सुमारे एक मिलिमीटर वाढतो. म्हणून सगळे जोड डाग देऊन बंद करू नयेत, दोन-तीन ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवावी आणि प्रत्येक तुकड्याला विजेची स्वतंत्र तार द्यावी. प्लायवूड पावसाळ्यात फुगते, त्यामुळे रूळ ठोकण्यापूर्वी ते दोन्ही बाजूंनी व कडांनाही रंगवून घ्यावे.

वणीकर
दोघांचेही मनःपूर्वक आभार. तीन मार्ग आणि नॅरोगेजचा मालधक्का, असे ठरवत आहे. रूळ मागवण्यापूर्वी पुठ्ठ्याचे सांधे आणि वाघिणी मोजून कापतो व फळीवर मांडून पाहतो. दारव्हेकर, जुन्या मालधक्क्याची वखार रुळाच्या कोणत्या बाजूस असे आणि फलाट किती उंच असे, हे ठाऊक असल्यास कृपया कळवावे.