क्रीडांगणाला अनुदान आलं, पण मैदानभर मुरूम पडला. आता काय करू?

पाटीवरची (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बार्शी तालुक्यातल्या एका गावात मी रोज संध्याकाळी मुलींना खो-खो शिकवते. मानधन वगैरे काही नाही, सकाळी दूध संकलन केंद्रावर फॅट लावते त्यावर घर चालतं. मैदान म्हणजे शाळेमागची मोकळी जागा. दगड वेचून, दोनदा कुळवून, 27 बाय 16 मीटरचं आम्हीच आखलं होतं. फक्कीचा खर्च माझा, खांब सुताराने फुकट दिले.

दोन वर्षांपूर्वी क्रीडांगण विकासाचं अनुदान मंजूर झालं. मीच पेढे वाटले. काम मे महिन्यात झालं आणि मी नेमकी भाचीच्या लग्नाला. आले तर दोन बाजूंना भिंत, लोखंडी गेट, गेटाशेजारी नावांचा फलक आणि आत मैदानभर मुरूम, रोलरने चापून बसवलेला. गाडी लावायला झकास. पहिल्याच दिवशी एका पोरीने सूर मारला तर कोपरापासून मनगटापर्यंत साल निघाली. आईने हळद लावली आणि दुसऱ्या दिवसापासून तिला पाठवलंच नाही. 22 मुली होत्या, आता 9 येतात.

विचारलं तर म्हणे, अंदाजपत्रकातच मुरूम होता. मला फक्त माती, पाण्याचा एक नळ आणि दोन दिवे पाहिजेत. याच योजनेतून पुन्हा काही मिळेल का?

निवृत्त शाखा अभियंता

ताई, असली अंदाजपत्रकं मीही केली आहेत, लपवत नाही. कागदावर 'मैदान सपाटीकरण' दिसलं की हात आपोआप मुरूम लिहितो. कुठला खेळ, हे कुणी सांगत नाही आणि आम्हीही विचारत नाही.

हा पैसा जिल्हा वार्षिक योजनेतून येतो. मंजुरी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडून, अर्ज ग्रामपंचायतीचा किंवा शाळेचा. योजनेत नुसती भिंतच बसते असं नाही. खेळनिहाय मैदान तयार करणं, फ्लडलाइट, मैदानावर पाणी मारायची सोय, रोलर, क्रीडा साहित्य, सगळं बसतं. भिंत आधी होते, कारण ती दिसते आणि मोजायला सोपी.

आधी माहिती अधिकारात अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत घ्या. योजनेच्या कमाल मर्यादेतलं किती वापरलं, हे त्यावरून कळेल. मग ग्रामसभेचा ठराव. त्यात 'सपाटीकरण' हा शब्द येऊ देऊ नका, 'खो-खोचे मातीचे मैदान' असं लिहून घ्या. सगळ्या बाजूंनी 3 मीटर मोकळे धरले तर 33 बाय 22. सहा इंच थराला साधारण 39 ब्रास (ब्रास म्हणजे 100 घनफूट) माती. मुरूम खरवडून काढायचा खर्च वेगळा, तो विसरू नका.

बांधावरचा

39 ब्रास विकत कशाला घेता? तलावातला गाळ आणा की, गाळमुक्त धरण योजनेवाले उचला म्हणून मागे लागतात.

पाटीवरची

दादा, गाळ काळा असतो. पाणी मारलं की पायाला चिकटतो, वाळला की भेगा. भेगेत पाऊल अडकून घोटा गेलेली मीच आहे, म्हणून तर शिकवत बसले.

एसटीची वाट बघणारा

आमच्याकडे तालुका क्रीडा संकुल आहे. त्याच्या अनुदानाची मर्यादा 1 कोटीवरून 5 कोटी झाली म्हणतात. हॉल उत्तम, नाव ठेवायला जागा नाही. पण आमचं गाव 18 किलोमीटरवर आणि परतीची शेवटची एसटी साडेसहाला. शाळा सुटते पाचला. कोणत्या मुलीने कधी खेळायचं, ते एकदा सांगा.

धाराशिवकर

ताई, खेलो इंडिया केंद्राचं बघा. त्यात माजी खेळाडूला शिकवायचे पैसे मिळतात, केंद्राला वर्षाला मिळणाऱ्या 5 लाखांतले 3 लाख मानधनाचे. बांधकाम सोडून माणसाला पैसे देणारी योजना विरळाच. तुम्ही राष्ट्रीय खेळला आहात का? आमच्या खो-खोपटू सारिका काळेला 2020 साली अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हापासून इकडे आयाच पोरींना मैदानावर आणून सोडतात. तुमच्याकडेही एक पोर राज्याला गेली की बघा.

पाटीवरची

राष्ट्रीय नाही हो, राज्य स्पर्धेपर्यंतच. घोट्याचं सांगितलंच वर. म्हणजे मानधनाचं आपल्यासाठी नाही. असू दे.

साहेब, ठरावाचा मसुदा आजच करते, 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडते. आयांना घेऊन जाणार आहे, नाहीतर पुरुष माणसं चहा पिऊन उठतात. माहिती अधिकाराचा अर्ज शाळेतले सर लिहून देतो म्हणालेत.

तोवर गेटाच्या बाहेर खेळतोय. शेजारचं वावर रिकामं आहे, मालक म्हणाला ज्वारीच्या पेरणीपर्यंत वापरा. काल तिथे 11 जणी आल्या. ती कोपराची पोरगी बांधावर बसून बघत होती, खेळली नाही अजून.