सल्ला हवा: बेसबॉलचे जुने थोर हिटर, अकरा वर्षांचा नातू आणि सांगलीचे आजोबा

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

आम्ही बॉस्टनजवळ राहतो. मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि तीन वर्षं लिटल लीग, म्हणजे लहान मुलांचं बेसबॉल, खेळतोय. माझे बाबा सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेत, वय 76. संध्याकाळी आजोबा-नातू सोफ्यावर बसून बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाची मॅच बघतात. बाबांचं दैवत म्हणजे विजय हजारे, आमच्या सांगलीचेच. 1948 साली अ‍ॅडलेडला ब्रॅडमनच्या संघासमोर दोन्ही डावांत शतकं काढली, ती गोष्ट बाबा आपल्या वडिलांकडून ऐकत मोठे झाले, मी बाबांकडून.

परवा पोरगा म्हणाला, ".300 मारणारा हिटर म्हणजे एकदम भारी." बाबांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि विचारलं, "म्हणजे दहातल्या सात वेळा हा बाद होतो? मग त्यात थोर काय?" पोराला सांगता येईना. मलाही येईना.

तर 20व्या शतकातले तीन-चार हिटर सुचवा, ज्यांच्याबद्दल दोघं मिळून वाचतील, जुन्या फिल्म बघतील. आकड्यांची यादी नको, ती पोराला तोंडपाठ आहे. आणि शक्यतो स्टेरॉइडच्या वादातले नकोत. ते प्रकरण समजावून सांगायला अजून दोनेक वर्षं थांबेन म्हणतो.

जुना_बॉस्टनकर

कृष्णाकाठ, बाबांनी अगदी मुळालाच हात घातला आहे. आधी त्या प्रश्नाचं बघू.

आपला गोंधळ 'अ‍ॅव्हरेज' या शब्दापाशी होतो. आपल्याकडे सरासरी म्हणजे बाद होण्याआधी किती धावा. इथे म्हणजे मारायला उभा राहिलास त्यातल्या किती वेळा खरोखर हिट मिळवलीस, म्हणजे चेंडू मारून सुखरूप बेस गाठलास. बाबांना एवढं सांगा: आपली खेळपट्टी 22 यार्डांची, म्हणजे 66 फूट. इथे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, 60 फूट 6 इंचांवर. चेंडू टप्पा घेत नाही, पण येता येता हवेतच वळतो, शेवटच्या क्षणी खाली पडतो. हातातली बॅट गोल, जाडी जिथे सगळ्यात जास्त तिथेही पावणेतीन इंचांच्या आतच. लेट कट नाही, लेग ग्लान्स नाही, मागे गेला की फाउल. समोरच्या नव्वद अंशांतच मारायचा आणि तोही क्षेत्ररक्षकांच्या मधून. वेगवान पिच हातातून सुटल्यापासून प्लेटवर यायला सेकंदाचे जेमतेम चार दशांश लागतात. खेळायचा की सोडायचा हे त्यातल्या पहिल्या अर्ध्यातच ठरवावं लागतं. हजाऱ्यांच्या भक्ताला यातली मेख नक्की कळेल.

आता माणूस. सुरुवात टेड विल्यम्सपासूनच करा. बॉस्टनला राहून दुसऱ्या कोणापासून करणं मला पटणार नाही. 1939 ते 1960, एकच संघ. कारकिर्दीची सरासरी .344, होमरन (आपल्या सिक्सरसारखे) 521. ऐन उमेदीची 1943 ते 45 ही तीन वर्षं महायुद्धाच्या नोकरीत गेली आणि पुढे 1952-53चा मोठा भाग कोरियात, मरीन्सचं जेट विमान उडवण्यात.

पण पोराला सांगायची गोष्ट 1941ची. सीझनचा शेवटचा दिवस, 28 सप्टेंबर, फिलाडेल्फियात एकाच दिवशी दोन मॅच. टेडची सरासरी होती .39955. कागदोपत्री ती .400च धरली गेली असती. मॅनेजर जो क्रोनिन म्हणाला, हवं तर बाहेर बस, .400 तुझेच. टेड बसला नाही. आदल्या रात्री फिलाडेल्फियाच्या रस्त्यांवर मैलोन्‌मैल चालत राहिला आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही मॅच खेळला. पहिलीत पाचपैकी चार हिट, दुसरीत तीनपैकी दोन. सीझन संपला .406 वर. त्यानंतर आजवर मेजर लीगच्या दोन मुख्य लीगांत, अमेरिकन आणि नॅशनलमध्ये, कोणीही अख्ख्या सीझनला .400 गाठलेले नाहीत.

म्हणजे थोरातला थोरसुद्धा दहातल्या सहा वेळा हात हलवत परतला. बाबांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यातच आहे.

उरलेलं निम्मं फेनवेला, रेड सॉक्सच्या मैदानावर आहे. उजव्या बाजूच्या ब्लीचर्समध्ये हिरव्या खुर्च्यांच्या समुद्रात एकच खुर्ची लाल आहे. विभाग 42, ओळ 37, खुर्ची 21. 1946च्या जूनमध्ये टेडने मारलेला चेंडू तिथे बसलेल्या माणसाच्या गवती हॅटवर येऊन आदळला होता. अंतर 502 फूट. टूर घ्या आणि पोराला त्या खुर्चीपाशी उभं करून होम प्लेट कुठे दिसते ते बघायला लावा. मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा बराच वेळ बोललोच नव्हतो.

अभ्यासू_अण्णा

वरच्या प्रतिसादात एक भर. टेडने फलंदाजीवर स्वतः लिहिलेलं पुस्तक इथल्या बहुतेक लायब्रऱ्यांत मिळतं. त्यातलं एक चित्र पोराला जरूर दाखवा. स्ट्राइक झोन (ज्या चौकटीतून आलेला चेंडू सोडला तर स्ट्राइक मोजतात ती) 77 चेंडूंनी भरलाय, आडवे सात, उभे अकरा. प्रत्येकावर आकडा: इथे आलेला चेंडू मारला तर माझी सरासरी किती. मधोमध .400, खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात .230. अख्खं शास्त्र त्या एका चित्रात आहे. आपला चेंडू येईपर्यंत थांबायचं. टेड खूप वेळा चेंडू सोडून वॉक घेऊन पहिल्या बेसवर जायचा, म्हणून त्याचा बेसवर पोचण्याचा दर .482 आहे, आणि तो आजही सर्वांत वरचा आहे.

दुसरं नाव माझ्याकडून: जॉश गिब्सन. पोराला आकडे पाठ आहेत म्हणता, मग त्याला विचारा, सार्वकालिक सरासरीत पहिला कोण? टाय कॉब म्हणाला तर त्याची यादी जुनी आहे. कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगची दारं बंद होती तेव्हा ते निग्रो लीगमध्ये खेळत. त्या लीगचे आकडे 2024 साली अधिकृत नोंदीत धरले गेले आणि गिब्सन .372 सह पहिल्या जागी आला, कॉब .367 वर दुसरा. गिब्सन यष्टिरक्षणासारखं कष्टाचं, गुडघे झिजवणारं कॅचरचं काम करून एवढं मारायचा. 1947च्या जानेवारीत, 35व्या वर्षी वारला. मेजर लीगची ती बंद दारं उघडणारा जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला तो त्याच वर्षी 15 एप्रिलला. मधे तीन महिने. हे वाचताना मला दरवेळी अस्वस्थ व्हायला होतं.

आणि धागा कसा जुळतो पाहा: 1966 मध्ये टेडला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, त्या भाषणात त्याने स्वतःहून सांगितलं की निग्रो लीगचा पिचर सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांनाही इथे जागा मिळायला हवी, केवळ संधी दिली गेली नाही म्हणून ते इथे नाहीत. पाच वर्षांनी पेज आत आला, सहा वर्षांनी गिब्सन.

पश्चिमवारा

बेब रूथ राहिला की! 1920 साली एकट्याने 54 होमरन. अमेरिकन लीगमधल्या दुसऱ्या कुठल्याही अख्ख्या संघाने त्या वर्षी तेवढे मारले नव्हते. सुरुवात त्याच्यापासूनच व्हायला हवी.

जुना_बॉस्टनकर

पश्चिमवारा, मान्य, खेळाचा चेहरामोहरा त्यानेच बदलला. पण तो पोराला आधीच माहीत असणार. शिवाय बॉस्टनने त्याला न्यूयॉर्कला विकलं आणि पुढचं विजेतेपद बघायला 2004 उजाडलं, हे इथल्या प्रत्येक पोराला शाळेतच कळतं. बाबांना मात्र एक गोष्ट आवडेल: 1932 साली ब्रॅडमन अमेरिकेत आले होते, तेव्हा यांकी स्टेडियममध्ये रूथच्या शेजारी बसून त्यांनी मॅच पाहिली. दोघांचा फोटोही आहे.

मोगरा

कृष्णाकाठ दादा, मी अटलांटाची, त्यामुळे हँक ॲरन सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जन्म 1934, अलाबामातलं मोबील. लहानपणी बॅटवर हात उलटे धरायचा, डावा वर आणि उजवा खाली, आणि तसाच मारायचा. इंडियानापोलिस क्लाउन्स या निग्रो लीगच्या संघातून 1952 मध्ये वर आला. एका सीझनला 50 होमरन त्याने कधीच मारले नाहीत, सर्वांत जास्त 47. तरी बेरीज 755. कारण तेवीस वर्षं तो थांबलाच नाही. पोराला हा हिशेब करायला लावा: त्याच्या 3,771 हिट्समधून सगळे 755 होमरन वजा केले तरी तीन हजारांवर हिट उरतात.

1973चा सीझन संपला तेव्हा तो 713 वर होता आणि रूथचा विक्रम 714चा. अख्खा हिवाळा त्याला धमकीची, शिवीगाळीची पत्रं येत होती. एका गोऱ्या माणसाचा विक्रम काळा माणूस मोडणार, एवढंच कारण. कुटुंबाला पोलीस बंदोबस्त लागला. 8 एप्रिल 1974ला अटलांटात अल डाउनिंगच्या चेंडूवर 715वा गेला. फिल्म जरूर बघा. दुसऱ्या बेसच्या पुढे दोन तरुण पोरं मैदानात घुसून त्याच्या पाठीवर थाप मारतात, तो पळत राहतो. होम प्लेटपाशी त्याची आई गर्दीतून येऊन त्याला घट्ट मिठी मारते. पोराला सांगा, चेंडू एकदा बघितलास, आता आईचे हात बघ.

ते स्टेडियम 1997 मध्ये पाडलं. जिथून चेंडू पलीकडे गेला तिथल्या भिंतीचा तुकडा मात्र जपून ठेवला आहे. मी लेकीला घेऊन गेले होते. तिने भिंतीला हात लावून विचारलं, "एवढीच उंच होती?" खरंच फार उंच नाही ती.

टोकियोत_मुक्काम

फक्त अमेरिकेतलेच हवेत असं धागाकर्त्याने म्हटलेलं नाही, म्हणून लिहितो. सादाहारू ओ. योमिउरी जायंट्स, 1959 ते 1980, 868 होमरन.

लिटल लीगमधल्या पोराला हा माणूस सर्वांत जवळचा वाटेल असं मला वाटतं, कारण सुरुवात साफ फसलेली होती. पहिल्या सीझनला पहिली हिट मिळायलाच 26 वेळा रिकाम्या हाताने परतावं लागलं. तीन वर्षं बेताचीच गेली. मग हिरोशी अराकावा हा प्रशिक्षक भेटला. ओची अडचण अशी की पिचर चेंडू सोडायच्या आत त्याचं अंग पुढे झुकायचं. अराकावाने त्याला उजवा पाय उचलून, एका पायावर तोल सांभाळत थांबायला शिकवलं. सराव कसला? छताला कागदाची पट्टी टांगायची आणि जपानी तलवारीने ती कापायची. नुसत्या ताकदीने कागद उडतो, कापला जात नाही. मनगट, कंबर आणि क्षण तिन्ही जुळले तरच कापला जातो. 1962च्या जुलैमध्ये तो पहिल्यांदा मॅचमध्ये असा उभा राहिला आणि दोन वर्षांत एका सीझनला 55 होमरन.

तिकडची मैदानं लहान होती असं लोक म्हणतात आणि ते खोटं नाही. पण एका पायावर उभं राहून पिचरची वाट बघणं मैदानाच्या मापाने सोपं होत नाही. पोराला अंगणात करून बघू दे.

1974च्या नोव्हेंबरमध्ये ॲरन टोकियोला आला होता, दोघांची होमरनची स्पर्धा झाली. ॲरन 10, ओ 9. पुढे दोघं आयुष्यभराचे मित्र.

कोल्हापुरी_रस्सा

बेसबॉल मी बघत नाही, पण टेड विल्यम्सची ती शेवटच्या दिवसाची गोष्ट वाचून आमचे भाऊसाहेब निंबाळकर आठवले. 1948च्या डिसेंबरात पुण्याला, काठियावाडविरुद्ध नाबाद 443. ब्रॅडमनच्या 452ला नऊच धावा कमी. आणि मधल्या सुट्टीत समोरच्या कॅप्टनने संघ घेऊन मैदानच सोडलं! टेडला बाहेर बसायची मुभा होती आणि तो खेळला. भाऊसाहेबांना खेळायचं होतं तर समोर कोणी उरलं नाही. बाबांना हे माहीत असणारच, पण नातवाला या दोन गोष्टी शेजारी शेजारी सांगायला सांगा.

अभ्यासू_अण्णा

वा, कोल्हापुरी. हे सुचलं नव्हतं.

अजून एकच नाव टाकतो: टोनी ग्विन, सॅन दिएगो. वीस वर्षांत फक्त 434 वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद. ग्रेग मॅडक्ससारख्या पिचरसमोर शंभरहून जास्त वेळा उभा राहिला, एकदाही स्ट्राइकआउट नाही. बायको घरी मॅचचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायची आणि हा ते बघून स्वतःच्या चुका शोधायचा, तेही 1980च्या दशकात. 1994 मध्ये .394 वर होता आणि खेळाडूंच्या संपामुळे सीझन ऑगस्टमध्येच थांबला. 1999च्या ऑल-स्टार मॅचला फेनवेवर म्हातारा टेड पहिला चेंडू टाकायला आला, तेव्हा त्याला आधार देऊन उभा होता तो ग्विनच.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितोय, कारण मधे बरंच काही झालं.

शनिवारी फेनवेची टूर केली. लाल खुर्चीपाशी बाबा आधी पोचले. वळून होम प्लेटकडे बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग नातवाला विचारलं, "हॅटला काय झालं रे?" पोराने वाचलेलं होतं, भोक पडलं होतं म्हणाला. बाबांनी एवढंच म्हटलं, "पडणारच."

निंबाळकरांची गोष्ट त्यांनी परतताना ट्रेनमध्ये सांगितली, तीही आजोबांच्या पद्धतीने, म्हणजे नाणेफेकीपासून. पोराला त्या कॅप्टनचा इतका राग आला की उतरायचं स्टेशन जवळजवळ चुकलंच.

77 चेंडूंचं चित्र आता फ्रिजवर आहे. पोरगा गॅरेजसमोर एका पायावर उभा राहतो आणि पडतो, पुन्हा उभा राहतो. ॲरनची फिल्म आम्ही चौघांनी बघितली, बायकोने दोनदा.

काल रात्रीच्या मॅचला आमच्या बॅटरने दोन स्ट्राइक असताना बाहेरचा चेंडू सोडला, मग आणखी एक सोडला आणि वॉक मिळवला. धाव नाही, हिट नाही. बाबांनी सोफ्यावरून टाळी वाजवली आणि म्हणाले, "सोडला! हजारे असाच सोडायचे." नातू म्हणाला, "आजोबा, याचं अ‍ॅव्हरेज यात वाढत नाही." बाबा म्हणाले, "माहीत आहे. बघ आता पुढच्याला कसा टाकतो तो."

ऑगस्टमध्ये कूपरस्टाउनला हॉल ऑफ फेम बघायला जायचं ठरतंय, आमच्याकडून गाडीने चारेक तास. आत बाबांना चालणं किती पडेल, मधे बसायला जागा आहेत का, आणि एक मुक्काम करावा की त्याच दिवशी परत यावं? जाऊन आलेल्यांनी सांगा.