मदत हवी आहे: दोघंही पॉझिटिव्ह, गोळ्या चालू, तरी कंडोम कायमच का?

नमस्कार मंडळी. नाव लिहीत नाही, समजून घ्या. हडपसरला राहते. मागच्या दिवाळीनंतर लग्न झालं, दोघांचंही दुसरं. दोघंही एचआयव्ही पॉझिटिव्ह, हे पहिल्या भेटीतच सांगून झालेलं. रात्री साडेनऊला गजर वाजला की एकाच तांब्यातल्या पाण्याने दोघं टीएलडी (एचआयव्हीची रोजची गोळी) घेतो. बाटल्या पोह्यांच्या डब्यामागे, लेबल खरवडून. सासूबाईंना अजून माहीत नाही.

माझा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) दोन वर्षं 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' आहे, म्हणजे तपासणीत विषाणू सापडतच नाही. ह्यांचा मात्र मागच्या वेळी १,४०० आला. नोकरी बदलण्याच्या धावपळीत महिनाभर गोळ्या चुकल्या होत्या. (भांडण झालं त्यावरून, जाऊ दे.) आता नियमित घेतात, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

समुपदेशक ताई म्हणाल्या, "कंडोम वापराच." का, हे विचारेपर्यंत पुढचा नंबर पुकारला. मला कळलंय ते असं: जोडीदाराकडून औषधाला न जुमानणारा विषाणू आला तर आपलीही गोळी निकामी ठरू शकते. पण दोघांचा लोड दबलेला असेल तर ही भीती जवळपास उरत नाही. मग कंडोम ह्यांचा लोड खाली येईपर्यंतच ना? गरमी, परमा अशा दुसऱ्या गुप्तरोगांसाठी कंडोम लागतो ते वेगळं, ते कळतं.

मूलही हवंय, मी छत्तीसची आहे. पुण्यात हे सगळं न लाजता, न ओरडता समजावणारे डॉक्टर कुणाला माहीत आहेत का? संध्याकाळी सातनंतर भेटणारे असतील तर फारच बरं.